उमरग्याचे सतरा कागद

रोज सकाळी पावणेदहाला धुळाप्पामामा कागदाचा नवा गठ्ठा फोडायचे, डाव्या कानाशी धरायचे आणि अंगठ्यानं त्याची एक कड फरर्र करून सोडायचे. आवाज कोरडा आला तर गठ्ठा प्रिंटरच्या पोटात जायचा. दमट आला तर खिडकीत, उन्हाला. हे कशासाठी, असं कुणी विचारलं तर मामा सांगायचे, की ओला कागद शेजारच्याला चिकटून आत जातो आणि मग दोघं मिळून दारात अडकतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या एका माणसानं ते पाहिलं आणि पुढच्या गावी जाऊन स्वतःची युक्ती म्हणून सांगितलं, असं नंतर कानावर आलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. असं त्यांच्या बाबतीत नेहमी व्हायचं.

लोहाऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते एकतीस वर्षं शिपाई होते. त्यांचं गाव तिथून जवळच, पायी निघालं तर तासाभराच्या अंतरावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. थोरला भाऊ अजूनही साठ-सत्तर मेंढरं राखतो. मामा मात्र सातवी पास झाले आणि मेंढरांमागून निघून थेट शाळेच्या घंटेमागं येऊन उभे राहिले.

एकतीस वर्षांत कॉलेजातली एकही वस्तू अशी नव्हती जी त्यांनी सांभाळली नाही, आणि एकही वस्तू अशी नव्हती जी त्यांच्या नावावर होती. घंटा त्यांनी वाजवायची, वेळापत्रकावर सही दुसऱ्याची. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला, रजिस्टरात ‘किल्ल्या : प्राचार्य’. आवारातला लिंब त्यांनी कोंभापासून वाढवला. त्याला कंबरेइतकी उंची आल्यावर एक पाहुणे आले, त्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढला आणि झाडाला पाहुण्यांच्या नावाची पाटी लागली. मामा त्या पाटीवरची धूळसुद्धा पुसायचे.

मग सर्व्हर आला.

संस्थेच्या उमरग्याच्या मुख्य कार्यालयात तो बसवला आणि त्या दिवसापासून लोहारा, माकणी, सगळीकडचे कॉम्प्युटर नुसत्या खिडक्या झाले. बसायचं लोहाऱ्यात, काम चालायचं उमरग्याच्या यंत्रात. लोहाऱ्याच्या ऑफिसात शिवप्रिया मॅडमनी बोनाफाईड दाखल्याचं बटण दाबलं, की तो हुकूम उमरग्याला जायचा, तिथं रांगेत उभा राहायचा आणि पाळी आली की परत लोहाऱ्याला येऊन मामांच्या प्रिंटरमधून कागद होऊन बाहेर पडायचा. मॅडमचं टेबल आणि प्रिंटर यांत चार पावलांचं अंतर होतं. एवढ्यासाठी उमरग्यापर्यंत हेलपाटा कशाला, हे मामांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण मोठ्या घरातल्या रीती वेगळ्या असतात म्हणून ते गप्प राहिले.

अडचण रांगेची होती. पुढचा एक अडला की मागचे सगळे अडायचे, आणि अडलेल्याला बाजूला काढायचा अधिकार फक्त उमरग्याच्या गौरीशंकरला. गौरीशंकर म्हणजे संस्थेचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला. माणूस हुशार, पण एकटा, आणि नातेवाईक फार.

जूनमधल्या एका सोमवारी जीवशास्त्राच्या रणधीर सरांनी बेडकाच्या पचनसंस्थेवरची दोनशे बारा पानं रंगीत चित्रांसकट छापायला सोडली. एकोणिसाव्या पानावर, जठराच्या आसपास, प्रिंटरनं मान टाकली. मागं एसटीच्या पाससाठी दाखले हवे असलेली सेहेचाळीस मुलं. गौरीशंकरला फोन लावला तर तिकडून बँडच वाजत होता. तो चुलतभावाच्या वरातीत होता. प्राचार्य शांतलिंग सर फोनमध्ये बेडूक बेडूक म्हणून ओरडत राहिले आणि गौरीशंकर तिकडून हो सर, हो सर, जेवूनच येतो म्हणत राहिला. मुलं संध्याकाळच्या गाडीनं दाखल्याशिवाय घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गौरीशंकर खजील होऊन म्हणाला, की काम तसं एवढंसंच असतं. रांग उघडायची, पुढच्याला थांबवायचं, मागच्याला सोडायचं. मग तेवढा अधिकार इथं कुणाला तरी देऊन टाका, सर म्हणाले. गौरीशंकरनं आधी कानावर हात ठेवले. सर्व्हरचा कारभार दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे घराच्या किल्ल्या देऊन गावाला जाणं, असं त्याचं मत होतं. पण आठवडाभर वाचून, विचारून त्याला कळलं, की घर न देता नुसती पडवी देता येते. बाकी कशाला हात लागणार नाही, फक्त छपाईची रांग तेवढी हाताळता येईल, असा अधिकार वेगळा काढून देण्याची सोय होती.

आता तो द्यायचा कुणाला, यावर स्टाफरूममध्ये सव्वा तास चर्चा झाली. रणधीर सर ज्येष्ठ होते, त्यांनी तयारी दाखवली. त्यावर गणिताचे सर म्हणाले, की मग वर्षभर बेडूकच निघतील. गणिताच्या सरांना द्यावा तर मराठीच्या बाईंना त्यांचा तीन वर्षांपूर्वीचा प्रश्नपत्रिकेचा प्रसंग आठवत होता. शिवप्रिया मॅडमकडं सगळ्यांनी पाहिलं तेव्हा त्यांनी हातच जोडले. नऊ चार्ज आधीच होते, दहावा म्हणजे सगळ्यांच्या शिव्या.

शांतलिंग सर बराच वेळ टेबलावर पेन्सिल फिरवत बसले आणि मग त्यांनी विचारलं, की या इमारतीत असं कोण आहे ज्याला स्वतःचं काहीच छापायचं नसतं?

 त्याच वेळी दार ढकलून मामा चहा घेऊन आत आले. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मामांना वाटलं, चहात काहीतरी पडलंय.

आदेश निघाला. ‘श्री. धुळाप्पा बिरू बंडगर यांना छपाईच्या रांगेचे व्यवस्थापन करण्याचे अधिकार प्रदान करण्यात येत आहेत.’ तो टाईप करून शिवप्रिया मॅडमनी छापायला सोडला तेव्हा रांगेत त्याचा नंबर सातवा होता. पुढं पुन्हा काहीतरी अडलेलं. ते बाजूला काढायचा अधिकार आता मामांना होता, पण तो त्या सातव्या कागदात होता. मामा प्रिंटरपुढं स्टूल टाकून दीड तास बसले.

घरी जाऊन त्यांनी आदेश अयोध्याबाईंपुढं धरला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि विचारलं, “मंजी आता काय झालात तुमी?”

“रांग बघायची.”

“ती तर कवापासनं बघताय की.”

“आता नावानं बघायची,” मामा म्हणाले.

अयोध्याबाईंनी मग कागद पुन्हा एकदा वाचला, या वेळी फक्त नाव. सातवीच्या दाखल्याशेजारी, ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत तो ठेवला गेला. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीला मामा निवृत्त व्हायचे होते. तोवर हे नाव कुणी काढून घेऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितली नाही.

शिकवायला गौरीशंकर स्वतः आला. मामांच्या नावाचं खातं उघडलं. पडद्यावर एक चित्र ठेवलं, त्यावर दोनदा टिचकी मारली की रांग दिसायची. कागदाचं नाव, कुणी सोडला, पानं किती, आणि शेवटी एका रकान्यात काही खुणेची अक्षरं. शेवटचा रकाना आपल्या कामाचा नाही, असं गौरीशंकर म्हणाला. इंग्रजी शब्द तीनच शिकायचे होते. मामा ते वाचून नव्हे, पहिल्या अक्षराच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकले : पोट पुढं काढून उभा असलेला तो ‘थांबव’, एक पाय पुढं टाकलेला तो ‘सोड’, आणि ज्याचं तोंड उघडं तो ‘काढून टाक’. तिसरा आपल्याला लागायचा नाही, असं मामांनी तेव्हाच सांगून टाकलं. आलेल्याला हाकलायचं नसतं.

सगळं नीट झालं, फक्त एक खूण चुकली. उमरग्याची शेवटची जीप सुटायला आली होती, बाहेर बसवेश ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. लोहाऱ्याच्या एका प्रिंटरपुरता अधिकार द्यायचा, तो गौरीशंकरनं घाईत आख्ख्या सर्व्हरवर देऊन टाकला. म्हणजे जिथं जिथं या सर्व्हरवरून कागद निघेल तिथल्या प्रत्येक रांगेवर. हे त्यालाही कळलं नाही आणि मामांना तर कळायचं कारणच नव्हतं.

पाच महिने रांग अशी चालली, की लोहाऱ्याच्या तहसीलपर्यंत बोलवा झाली. मामांची पद्धत साधी होती. मेंढरं पाण्यावर नेली की आधी गाभण, मग लंगडी, मग कोकरं, आणि दांडगी सगळ्यांत शेवटी. तसंच इथं. एका पानाचा दाखला आधी. ज्याची गाडी लवकर त्याचा त्याच्याही आधी. मोठे गठ्ठे मागं. रणधीर सरांचा बेडूक ते रोज दहा-दहा पानं करून बाहेर काढायचे, मधल्या मोकळ्या वेळात, चारत चारत. एकदा खुद्द प्राचार्य येऊन म्हणाले, की त्यांचं पत्र अजून का निघालं नाही. मामांनी अदबीनं विचारलं, “सर, तुमाला आज कुठं जायचं हाय का?” सरांना कुठंच जायचं नव्हतं. ते परत जाऊन खुर्चीत बसले.

डिसेंबरात उमरग्याच्या कार्यालयात मोठा प्रिंटर आला. जुना साधा होता, वायर लावून एकाच टेबलाला जोडलेला. हा नवा, कपाटाएवढा, थेट सर्व्हरला जोडला. अध्यक्षसाहेबांनी नारळ फोडला. आणि त्याच सोमवारी अकराच्या सुमाराला मामांच्या पडद्यावर एक अनोळखी कागद येऊन उभा राहिला.

मामांनी चष्मा पुसून पाहिलं. सोडणाऱ्याचं नाव आपल्यातलं नाही. माकणीच्या शाळेतल्या बाईंचं नाव अधूनमधून दिसायचं, ते त्यांच्या ओळखीचं झालं होतं, कारण बाई बदलून जाण्याआधी इथंच होत्या. त्यांना ते जाऊ द्यायचे. हे नाव मात्र कधीच न पाहिलेलं. तेवढ्यात तसाच दुसरा आला. मग तिसरा.

आता यात मामांना कोडं असं काही पडलं नाही. माळावर चार जणांचे कळप एकत्र चरतात आणि दिवस मावळताना आपापल्या वाटेला लागतात तेव्हा एखादं परकं मेंढरू आपल्यात मिसळून येतंच. त्याला मारून हाकलायचं नसतं. आपलं म्हणून त्याची लोकर कातरायची नसते. वाघरीच्या, म्हणजे कळपाभोवतीच्या दोरीच्या जाळीच्या आत त्याला घ्यायचं, पण वेगळं बांधायचं, पाणी दाखवायचं आणि ज्याचं असेल त्याला निरोप धाडायचा. मामांच्या वडलांनी एक बोकड असा नऊ महिने सांभाळला होता, आणि धनी आला तेव्हा त्याला तो ओळखता आला नव्हता इतका तो जाड झाला होता.

मामांनी तिन्ही कागद निवडले आणि पोट पुढं काढलेला शब्द दाबला. तिन्ही थांबले.

मग ते बाहेर गेले आणि जीपमध्ये माणसं कोंबत असलेल्या बसवेशला त्यांनी सांगितलं, की उमरग्याच्या हापिसात जाऊन सांग, तुमचे तीन कागद आमच्याकडं आलेत, सुखरूप हायत, सवडीनं घेऊन जा.

बसवेशनं निरोप इमानदारीत पोचवला. कार्यालयाच्या वॉचमनला सांगितला. वॉचमनला वाटलं, कुणीतरी जीपमध्ये रद्दी विसरलंय. तो बरं म्हणाला आणि उन्हात खुर्ची सरकवून बसला.

उमरग्यात जे चाललं होतं ते असं. संस्थेची सर्वसाधारण सभा होती आणि तिची सूचना शुक्रवारपर्यंत सभासदांना पोचायला हवी होती. तीनशे प्रती. बटण दाबलं, काही निघालं नाही. पुन्हा दाबलं. कुणी म्हणालं, जोरात दाबा. गौरीशंकर आला, त्यानं यादी पाहिली. कागद थांबवलेला दिसत होता. त्यानं सोडला. प्रिंटर हुं करून जागा झाला, एक पान अर्धं बाहेर आलं आणि थांबलं. कारण तिकडं लोहाऱ्यात मामांनी पाहिलं होतं, की बांधलेलं एक सुटलं. त्यांनी त्याला परत बांधलं.

मंगळवारभर हे चाललं. गौरीशंकर सोडायचा, मामा बांधायचे. हा फार खोडकर दिसतो, असं मामांनी शिवप्रिया मॅडमना कौतुकानं सांगितलंही. पण मॅडम हजेरीपत्रकात बुडालेल्या होत्या, त्यांना वाटलं मामा भावाच्या बोकडाबद्दल बोलताहेत. उमरग्यात शाई बदलली. वायर बदलली. सोलापूरहून कंपनीचा माणूस आला, त्यानं प्रिंटरचं पाठचं झाकण काढून आत टॉर्च मारला आणि वास घेऊन म्हणाला, की यंत्र निरोगी आहे. बुधवारी व्हायरसचं औषध झालं. कुणीतरी प्रिंटरला लिंबू-मिरची बांधली. गौरीशंकरनं ती बघून न बघितल्यासारखं केलं. त्यालाही आता नाही म्हणवत नव्हतं. मामा रोज दुपारी एक निरोप धाडत होते. पाच कागद. अकरा कागद. सतरा.

गुरुवारी अध्यक्षसाहेब गौरीशंकरच्या टेबलापाशी येऊन फक्त उभे राहिले.  ते गेल्यावर गौरीशंकरनं डोकं धरून विचार केला, की सगळ्या संस्थेत एकच रांग पाच महिने विनातक्रार चाललीय, लोहाऱ्याची. ते वेगळं काय करतात ते तरी पाहून यावं. तो जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला. गाव मागं पडल्यावर बसवेशनं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं.

“सर, तुमी हापिसातले न्हवं? कागद न्यायला निघालात का?”

“कसले कागद?”

“धुळाप्पामामांनी बांधून ठेवलेत की. चार दिस झाले, तुमच्या वॉचमनला सांगून माझी जीभ झिजली.” गिअर बदलून त्यानं पुढं विचारलं, “सतरा कागदांला तुमचं येवढं आडतंय व्हय? मोठं हापिस म्हणताय.”

लोहारा आल्यावर जीप नीट थांबायच्या आतच गौरीशंकर खाली उतरला.

ऑफिसच्या दारात मामांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “आलात? बरं झालं. सगळे सुखरूप हायत, एक बी इकडचा तिकडं न्हाय. आदी पाणी घ्या.”

गौरीशंकरनं पाणी घेतलं नाही. मामांच्या खांद्यावरून वाकून त्यानं पडदा पाहिला. सतरा ओळी, एकाखाली एक, सगळ्यांपुढं तेच पोट काढलेलं अक्षर, आणि शेवटच्या रकान्यात उमरग्याच्या नव्या प्रिंटरची खूण. त्यातल्या चौदा ओळी सभेच्या सूचनेच्या. तो खाली बसला. मग त्यानं तिथूनच अध्यक्षसाहेबांना फोन लावला आणि सापडलं म्हणून सांगितलं. साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू आला. त्या शिपायाचं नाव आजच्या आज काढा, असं तो आवाज म्हणाला, आणि कागद आत्ताच्या आत्ता सोडा.

 मामांनी पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला आणि त्याखाली एक जुना कागद सरकवला, टेबलाला डाग पडू नये म्हणून.

“सोडा सगळे,” गौरीशंकर म्हणाला.

“एकदम?”

“एकदम.”

“साहेब, एकदम सोडलं तर तुडवतेत एकमेकाला. एक-एक सोडू का?”

गौरीशंकरचा संयम चार दिवसांपूर्वीच संपला होता. एकदम, तो पुन्हा म्हणाला. मामांनी सतराही ओळी निवडल्या आणि पाय पुढं टाकलेला शब्द दाबला.

तीन मिनिटं गेली. मग फोन वाजला. आता साहेब नव्हते, कुणी तरी दुसराच घाबरलेला माणूस होता. प्रिंटर थांबत नाही म्हणत होता. पहिल्या तीनशे सूचना व्यवस्थित निघाल्या. त्यानंतर दुसऱ्या तीनशे सुरू झाल्या होत्या. चौदा वेळा बटण दाबलेलं, चौदा वेळा तीनशे. कागदाचा ट्रे रिकामा झाला म्हणून कुणीतरी तत्परतेनं दुसरा गठ्ठा घातला होता. सूचना फरशीवर होत्या, खुर्च्यांवर होत्या, अध्यक्षसाहेबांच्या केबिनच्या उंबऱ्याशी पोचल्या होत्या. बंद करा, गौरीशंकर ओरडला. बटण कुठंय, तिकडून विचारणा झाली. कपाटाएवढ्या प्रिंटरला बंद करायचं बटण एका झाकणाच्या आत होतं आणि ते झाकण सोलापूरच्या माणसानं नीट लावलं नव्हतं, ते उघडत नव्हतं. गौरीशंकर मोबाईलवरून सर्व्हरमध्ये शिरायला पाहू लागला. घाईत त्याचा पासवर्ड तीनदा चुकला आणि सर्व्हरनं त्याला पंधरा मिनिटांसाठी बाहेर उभं केलं.

त्या खोलीत अधिकार असलेला माणूस आता एकच होता.

“मामा,” गौरीशंकर म्हणाला, “तेवढं थांबवा हो.”

मामांनी खुर्ची पुढं ओढली. घाई केली नाही. वरून दुसरी सूचना थांबवली. मग तिसरी. प्रत्येकीवर बोट, प्रत्येकीला तोच शब्द, जणू अंधार पडायच्या आत एकेकीला आत घेत होते. मधेच तीन कागद वेगळे निघाले, ते त्यांनी सोडून दिले. ज्याचं त्याला मिळावं. फोनमधली घरघर हळूहळू बसली. मग कुणीतरी तिकडं दीर्घ श्वास घेतलेला इथं ऐकू आला. सभेच्या सूचना वेळेत निघाल्या होत्या. जरा जास्तच निघाल्या होत्या.

शांतलिंग सर आतून येऊन केव्हाचे उभे होते. ते गौरीशंकरला म्हणाले, की नाव काढायचं तर काढा, पण आदेशानं दिलेला अधिकार आहे, आदेशानंच काढावा लागेल, आणि त्यात कारण लिहावं लागेल. उमरग्याची रांग लोहाऱ्याच्या शिपायाला दिसत होती ती का दिसत होती, हे एका वाक्यात सांगा, मी टाईप करायला देतो.

पंधरा मिनिटं भरल्यावर गौरीशंकरनं मामांची खुर्ची मागून घेतली. अधिकाराचं पान उघडलं. आणि जून महिन्यातली आपली खूण त्याला दिसली, भलत्याच ठिकाणी पडलेली. तो तिच्याकडं बघत राहिला. इतक्यात शिवप्रिया मॅडमनी समोर चहा ठेवला, तो त्यानं निमूट प्यायला.

“साहेब,” मामा मागून म्हणाले, “हद्द सांगितली असती तर म्या हद्दीतच ऱ्हायलो असतो. दुसऱ्याच्या रानात आमी मेंढरू घालत न्हाय. मला वाटलं, आमच्याच रानात आलेत.”

फोन पुन्हा वाजला. या वेळी अध्यक्षसाहेब होते. सूचना मिळाल्या, ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, मिळाल्या. मग त्यांनी विचारलं, की चूक कुणाची होती ते कळलं का. खोलीत प्रिंटरचा पंखा तेवढा फिरत होता. मामा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर त्या वेळी काहीच चाललेलं नव्हतं.

“माझी,” गौरीशंकर म्हणाला.

त्यानं खूण हलवली. सर्व्हरवरची काढली, लोहाऱ्याच्या प्रिंटरवर ठेवली. पडद्यावरून उमरग्याच्या राहिलेल्या ओळी नाहीशा झाल्या. नाव तिथंच राहिलं, इंग्रजी अक्षरांत, धुळाप्पा. मामांनी ते एकदा पाहिलं आणि तांब्या उचलून आत नेला. बाहेर येताना म्हणाले, की सगळे धन्याकडं गेले, हे बरं झालं. परक्याची जोखीम म्हणजे झोप लागत नाही.

पुढचे सहा महिने काही घडलं नाही, म्हणजे सगळं वेळेवर छापून निघालं. फक्त उमरग्यात कुणी पाठकोऱ्या कागदावर हिशोबापासून निरोपापर्यंत काहीही लिहिलं, की त्याच्या मागं सभेची सूचना असायची.

मे महिन्याच्या एकतीस तारखेला निरोपसमारंभ होता. साडेपाचला. गौरीशंकर त्यासाठी मुद्दाम आला होता; शिवाय त्याच्या खिशात आदेश होता, की कार्यालय सुटताना, पावणेसहाला, श्री. बंडगर यांचं नाव कमी करून शिपाई म्हणून नव्यानं रुजू झालेल्या करिश्मा यांचं घालावं. करिश्मालाही स्वतःचं काही छापायचं नसायचं. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. फेटा आणला होता, तो बांधायला माणूस आणला होता. अयोध्याबाई पहिल्या ओळीत नव्या पातळाची घडी सांभाळत बसल्या होत्या. पण मामा हॉलमध्ये नव्हते.

ते ऑफिसात स्टुलावर होते. बदलीच्या गावी निघालेल्या एका बाईंच्या मुलीचा दाखला रांगेत होता. गौरीशंकर त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. घड्याळात पाच पंचेचाळीस झाले, पाच सत्तेचाळीस झाले. त्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले होते. नाव काढायला एक टिचकी लागली असती. त्यानं मारली नाही.

हॉलमधून एकामागून एक माणूस बोलवायला येत होता. फेटेवाला आला, रणधीर सर आले, शेवटी शांतलिंग सर स्वतः आले आणि म्हणाले, की भाषणं थांबलीत, चहा निवतोय, चला आता.

नंतर हॉलमध्ये मामा दोन शब्द बोलले. ते सगळेच बोलतात तसे होते, आभाराचे, आणि फेट्यामुळं त्यांना मान वळवता येत नव्हती. त्याआधी, प्रिंटरवरून नजर न काढता, सरांना म्हणाले ते एवढंच :

“चहा झाकून ठेवा, सर. दोन पानं ऱ्हायलीत.”